इनक्युबेटरमध्ये अंडी लावताय? लावायच्या आधी हे सगळं वाचा

मशीन चालू आहे, डिस्प्लेवर ३७.५ दिसतंय, पाणीही भरलंय, तरी ३० अंड्यांतली १२ पिल्लं निघाली आणि उरलेल्या अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं आतच मेली. ही तक्रार कायम ऐकायला मिळते आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं, मशीन बेकार निघालं. बहुतेक वेळा मशीनचा दोष नसतो. गडबड झालेली असते अंडी मशीनमध्ये जायच्या आधी, म्हणजे गोळा करताना आणि साठवताना, नाहीतर शेवटच्या तीन दिवसांत सारखं झाकण उघडून. मधले पंधरा दिवस त्यामानाने सोपे असतात. म्हणून या लेखात सुरुवात आणि शेवट यावर जास्त लिहिलंय.

सगळं गावरान कोंबडी आणि आपल्याकडच्या हवामानाच्या हिशोबाने आहे. गिरिराज, वनराज, कावेरी, कडकनाथ यांनाही हेच चालतं, कोंबडीचं अंडं म्हटलं की २१ दिवस. बदक, टर्की, बटेर यांचे दिवस वेगळे, ती कोंबडीच्या अंड्यांसोबत एकाच बॅचला लावू नका.

आधी वार ठरवा

अंडी ठेवली तो दिवस धरायचा नाही. २४ तास झाले की पहिला दिवस पूर्ण. सोपा हिशोब असा की ज्या वारी लावली त्याच वारी, तीन आठवड्यांनी पिल्लं निघणार. शनिवारी संध्याकाळी लावली तर पुढचे दोन शनिवार कॅण्डलिंग (टॉर्च लावून अंड्याच्या आत बघणं), मग तिसऱ्या आठवड्यातला बुधवार म्हणजे १८ वा दिवस आणि त्यानंतरच्या शनिवारी पिल्लं. तुमच्याकडे मेंटेनन्ससाठी आठवड्यातल्या ज्या दिवशी लाईट जाते तो वार शेवटच्या तीन दिवसांत येणार नाही असं बघून अंडी लावा. लग्नकार्य, जत्रा, गावाला जाणं असेल तर तेही आधीच बघा, कारण १८ व्या दिवसापासून पिल्लं वाळेपर्यंत घरात कोणीतरी हवंच.

१. अंडी कोणाची आणि कोणती

दुकानातली पांढरी अंडी लावून बघणारे अजूनही आहेत. ती लेअर फार्मची असतात, तिथे कोंबडाच नसतो, त्यामुळे त्यात जीव असण्याचा प्रश्नच नाही. "गावठी अंडी" म्हणून बाजारात मिळणारी कधीची आहेत, उन्हात किती फिरली, काही सांगता येत नाही.

स्वतःच्या कोंबड्या असतील तर ८ ते १० माद्यांमागे एक धडधाकट नर ठेवा. नर नवीन सोडला असेल तर किमान ८-१० दिवस जाऊ द्या, मग अंडी गोळा करायला घ्या. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची पहिली लहान लहान अंडी लावू नका, त्यातून पिल्लं कमी निघतात आणि निघाली तरी बारकी राहतात.

अंडं हातात घेऊन बघा. आकार नेहमीचा हवा. फार लांबट, अगदी गोल, खरबरीत, पातळ कवचाचं, दोन बलकांचं मोठं अंडं, हे सगळं खायला ठेवा. बारीक तडा दिसत नाही पण दोन अंडी हलकेच एकमेकांना टेकवली की तडा गेलेल्याचा आवाज बद्द येतो, हे चांगलं कळतं. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते असं गावोगाव सांगतात, त्यात तथ्य नाही, आकारावरून नर-मादी ठरवून निवड करत बसू नका.

सावधान: अंडी धुवायची नाहीत. कवचावर नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. पाण्याने तो निघून जातो आणि ओल्या छिद्रांतून घाण आत शिरते. थोडी माती, विष्ठा लागलेली असेल तर वाळल्यावर बारीक सँडपेपरने हलकं घासा. जास्त बरबटलेलं असेल तर ते लावूच नका, कारण एक सडलेलं अंडं मशीनमध्ये फुटलं की सगळी बॅच धोक्यात येते. खुराड्यात भुसा रोज बदलत राहिलात तर ही वेळच येत नाही.

२. साठवण, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं

१५-२० अंडी साठेपर्यंत थांबावं लागतं हे खरं, पण ती कुठे ठेवता यावर रिझल्ट ठरतो. फलित अंड्यात जीव असतोच, तो फक्त गार असताना थांबलेला असतो. साधारण २० डिग्रीच्या वर गेलं की आतली वाढ हळूहळू सुरू होते. एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ३८-४० डिग्रीला अंडी ठेवली तर दिवसा वाढ सुरू होते, रात्री मंदावते, परत दिवसा सुरू, आणि असं तीन-चार दिवस झालं की जीव मशीनमध्ये जायच्या आधीच मेलेला असतो किंवा इतका अशक्त झालेला असतो की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो. मग आठव्या दिवशी टॉर्च लावली की आत लाल गोल कडं दिसतं आणि आपण म्हणतो मशीनचं टेम्परेचर गडबडलं.

१५ ते १८ डिग्री ही साठवणीची योग्य पातळी. घरात ती मिळणं अवघड, मग जमेल तेवढं जवळ जायचं:

- उन्हाळ्यात अंडी दिवसातून तीन-चार वेळा उचला. दुपारी एकला घातलेलं अंडं संध्याकाळपर्यंत पत्र्याखाली राहू देऊ नका.
- मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा कोरड्या भागात ओल्या वाळूत मातीचं मडकं बसवून, वर सुती फडकं टाकून त्यात अंडी ठेवा. वाळू ओली ठेवत राहा, अंडी ओली होऊ देऊ नका. कोकणात हवाच दमट असल्याने मडकं फारसं गार होत नाही, तिथे घरातला सगळ्यात थंड कोपरा शोधा आणि अंडी लवकर लावा.
- फ्रिजमध्ये नको. घरचा फ्रिज ४-५ डिग्रीवर असतो, तेवढी थंडी जीवाला मानवत नाही.
- रुंद बाजू वर, निमुळती बाजू खाली. खायच्या अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे याला बेस्ट.

किती दिवस? हिवाळ्यात ७ दिवसांपर्यंत बिनधास्त, उन्हाळ्यात ३-४ दिवसांच्या वर नको. आठवड्याच्या पुढे प्रत्येक दिवसाला रिझल्ट घसरत जातो आणि जुनी अंडी निघायलाही काही तास उशीर करतात, म्हणून दोन दिवसांची आणि बारा दिवसांची अंडी एकत्र लावली की पिल्लं दोन दिवस निघतच राहतात आणि तुम्ही झाकण उघडत राहता. दहा ताजी अंडी लावलेली बरी, पंचवीस शिळी नकोत.

एसटीच्या पार्सलने किंवा कुरिअरने अंडी मागवली असतील तर आल्या आल्या मशीनमध्ये टाकू नका. प्रवासात आतली हवेची पोकळी हललेली असते. रुंद बाजू वर करून १२ ते २४ तास गार जागी शांत ठेवा, मग लावा.

तपासा: प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहिलीय का? पेन्सिलच. मार्कर, स्केचपेन वापरू नका, शाई कवचातून आत जाऊ शकते.

३. मशीन आधी रिकामं चालवा

अंडी लावायच्या किमान २४ तास आधी मशीन चालू करायचं, दोन दिवस मिळाले तर उत्तम. मागच्या बॅचची पिसं, टरफलं राहिली असतील तर साबणाच्या पाण्याने धुऊन, जंतुनाशकाने पुसून, उन्हात कडक वाळवून घ्या. मोठ्या हॅचरीत पोटॅशियम परमँगनेट आणि फॉर्मेलिनचा धूर देतात, ते घरात अजिबात करू नका, तो वायू विषारी असतो.

मशीन खोलीत ठेवायचं, पडवीत किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये नको. थेट ऊन नको, पंख्याची झोत नको. इथे एक गोष्ट लोक विसरतात की इनक्युबेटर फक्त गरम करू शकतो, थंड करू शकत नाही. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीचंच तापमान ४० च्या वर गेलं तर थर्मोस्टॅट हीटर बंद ठेवेल पण आतलं तापमान खाली आणू शकणार नाही आणि अंडी शिजल्यासारखी होतील. अशा ठिकाणी कूलर असलेल्या खोलीत मशीन ठेवा नाहीतर सरळ १५ एप्रिल ते पाऊस पडेपर्यंत बॅच घेऊच नका.

आता टेम्परेचर. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ डिग्री. पंखा नसलेल्या मशीनमध्ये वर गरम आणि खाली गार असतं, म्हणून थर्मामीटर अंड्यांच्या वरच्या पातळीला ठेवून तिथे ३८.३ ते ३८.८ ठेवायचं. थर्मामीटरचा सेन्सर झाकणाला चिकटवलेला असेल तर तो झाकणाचं तापमान दाखवतो, अंड्याचं नाही. सेन्सर अंड्यांच्या उंचीवर, हीटरपासून लांब.

डिस्प्लेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. घरातला ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर या कामाला एकदम योग्य, कारण तो नेमका याच रेंजमध्ये अचूक असतो. ग्लासात कोमट पाणी घ्या, त्यात तो आणि मशीनचा सेन्सर (वॉटरप्रूफ असेल तर) एकत्र बुडवा आणि फरक बघा. अर्धा डिग्रीचा फरकसुद्धा २१ दिवसांत मोठा ठरतो.

थर्माकोलच्या बॉक्सला डब्ल्यू १२०९ कंट्रोलर (तापमान बघून हीटर चालू-बंद करणारं छोटं सर्किट) जोडून घरीच मशीन बनवलं असेल तर तीन सेटिंग बघाच. पी-० वर एच (हीटिंग) हवं, सी असेल तर तो कूलिंगच्या हिशोबाने उलटा चालतो. पी-१ कंपनीकडून २ डिग्रीवर येतो, म्हणजे ३७.५ ला हीटर बंद झाला की ३५.५ पर्यंत उतरेपर्यंत परत चालूच होत नाही, तो ०.२ किंवा ०.३ करा. आणि थर्मामीटरशी जो फरक आला तो पी-४ मध्ये टाका. एवढं केलं की त्या स्वस्तातल्या कंट्रोलरवरही चांगली बॅच निघते.

सावधान: अशा कंट्रोलरचा रिले (हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच) कधीकधी चिकटतो आणि हीटर चालूच राहतो. अंडी थोडा वेळ गार पडणं सहन करतात, ४० च्या वर काही तास गेली तर संपलं. म्हणून हीटरच्या लाईनमध्ये दुसरा कंट्रोलर ३८.५ ला सेट करून टाका, पहिला फसला तर दुसरा तोडेल. २३० व्होल्टचं वायरिंग आणि पाण्याचा ट्रे एकाच डब्यात आहे हे लक्षात ठेवून जोडणी वायरमनकडून करून घ्या.

हायग्रोमीटरची, म्हणजे हवेतला ओलावा मोजायच्या मीटरची परीक्षा पण सोपी आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यात थेंब थेंब पाणी घालून ओला चिखल करा (मीठ विरघळून जाता कामा नये), ते आणि हायग्रोमीटर एका घट्ट डब्यात किंवा झिपच्या पिशवीत १०-१२ तास ठेवा. ७५ टक्के दाखवायला हवं. ६८ दाखवला तर तुमचा मीटर ७ ने कमी दाखवतो, तेवढं मनात मिळवत जा.

४. अंडी लावणं

गार जागेतली अंडी सरळ गरम मशीनमध्ये गेली की कवचावर घाम येतो आणि घाम आला की जंतूंना वाट मिळते. आधी ६ ते ८ तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा (हाताने फिरवणार असाल तर), आणि सगळी अंडी एकदमच लावा. रोज पाच-पाच अंडी वाढवत जायची पद्धत सोडून द्या, १८ व्या दिवसाला सगळ्यांची गरज बदलते आणि एकाच डब्यात दोन हवामानं ठेवता येत नाहीत.

आडवी ठेवली तरी चालतात, निमुळती बाजू वर मात्र कधीच नको. तसं ठेवलं की पिल्लाचं डोकं चुकीच्या टोकाला येतं, तिथे हवेची पोकळी नसते आणि पिल्लू चोच मारायच्या आधीच गुदमरतं.

अंडी टाकल्यावर तापमान खाली जाणारच. सेटिंगला हात लावू नका, काही तासांत आपोआप वर येतं. घाबरून सेटिंग वाढवून ठेवली की मध्यरात्री ३९ वर गेलेलं असतं आणि पहिले तीन-चार दिवस जीव सगळ्यात नाजूक असतो.

आता सगळ्या अंड्यांचं मिळून वजन करा आणि लिहून ठेवा. याचा उपयोग पुढे आहे.

५. पहिले १८ दिवस: फिरवणं आणि ओलावा

फिरवलं नाही तर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. ऑटोमॅटिक ट्रे असेल तर दर तासाला फिरतो, फक्त तो खरंच फिरतोय का ते रोज बघा, कारण मोटर चालू असते पण लिंक निसटलेली असते असं होतं. हाताने करत असाल तर दिवसातून कमीत कमी तीनदा, पाचदा केलं तर छान, पण आकडा विषम ठेवा म्हणजे रात्रीचा लांब वेळ रोज त्याच बाजूवर जात नाही. सकाळी फुली वर, दुपारी गोल वर, रात्री फुली वर, दुसऱ्या दिवशी उलट. हात धुऊन, तेल-साबणाचा अंश नसलेल्या हाताने, हळू.

ओलाव्याचं प्रकरण जरा नीट समजून घ्या कारण "५०-५५ टक्के ठेवा" एवढं सांगून भागत नाही. अंड्यातलं पाणी कवचातून बाहेर जायला हवं म्हणजे रुंद बाजूची हवेची पोकळी वाढते आणि शेवटी पिल्लाला पहिला श्वास घ्यायला जागा मिळते. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के कमी व्हायला हवं. पाणी जास्त भरलं तर पोकळी लहान राहते आणि फुगलेलं पिल्लू आत फिरूच शकत नाही. पूर्ण वाढलेली मेलेली पिल्लं, ओली, चिकचिकीत, हे बऱ्याचदा जास्त ओलाव्याचं काम असतं आणि लोक त्यावर उपाय म्हणून पुढच्या वेळी अजून पाणी घालतात!

खोलीतली हवा मशीनमध्ये गरम झाली की तिची टक्केवारी पडते. कोकणात जुलैमध्ये बाहेर २७ डिग्री आणि ८५ टक्के असेल तर तीच हवा ३७.५ ला साधारण ४७ टक्के होते. म्हणजे पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गात बिनपाण्यानेच भागतं किंवा वाटीभर पाणी पुरतं. तेच निफाडच्या थंडीत १५ डिग्री, ६० टक्के असेल तर मशीनमध्ये जेमतेम १६ टक्के राहतात, तिथे मोठा ट्रे लागणार. म्हणून दुसऱ्या गावातल्या माणसाने "मी अर्धा लिटर घालतो" सांगितलं म्हणून तुम्हीही तेवढंच घालू नका.

पाण्याची खोली वाढवून ओलावा वाढत नाही, पृष्ठभाग वाढवावा लागतो. खोल ग्लासापेक्षा पसरट ताटली जास्त काम करते. अजून हवा असेल तर ताटलीत स्पंज उभा ठेवा.

वजनाचा उपयोग इथे. समजा ३० अंड्यांचं वजन १५०० ग्रॅम होतं. ७ व्या दिवशी साधारण १४३०, १४ व्या दिवशी १३६०, १८ व्या दिवशी १३२० च्या आसपास यायला हवं. ७ व्या दिवशी १४५५ असेल तर पाणी काढून टाका, १४०० असेल तर वाढवा. मध्ये अंडी बाद केलीत तर उरलेल्यांचं वजन परत करून तिथून पुढचा हिशोब धरा. किचनमधला डिजिटल काटा पुरतो. मीटरच्या आकड्यापेक्षा वजनावर जास्त भरवसा ठेवा, अंडं खोटं बोलत नाही.

तपासा: व्हेंटची भोकं उघडी आहेत का? ओलावा टिकावा म्हणून टेप लावून बंद करतात, ती मोठी चूक. शेवटच्या आठवड्यात पिल्लांना भरपूर ऑक्सिजन लागतो, तेव्हा भोकं अजून उघडायची.

६. टॉर्च लावून बघणं, म्हणजे कॅण्डलिंग

७ व्या आणि १४ व्या दिवशी, रात्री खोली अंधारी करून. मोबाईलची टॉर्च चालते, पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्यावर अंड्याची रुंद बाजू टेकवा. रोज रोज बघायची हौस आवरा.

७ व्या दिवशी काय दिसतं:
- मध्ये गडद ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा. जीव आहे. ठिपका हलतानाही दिसतो.
- सगळं स्वच्छ पिवळं, बलकाची फक्त सावली. जीव धरलेलाच नाही.
- लाल गोल कडं, शिरा नाहीत. सुरू होऊन मेलेलं.

तपकिरी कवचाच्या अंड्यात कमी दिसतं, शंका असेल तर फुली मारून परत ठेवा आणि चार दिवसांनी बघा. १४ व्या दिवशी रुंद बाजूची पोकळी सोडून बाकी काळोख दिसायला हवा. वास येणारं, कवचावर थेंब पाझरणारं अंडं कोणत्याही दिवशी दिसलं तर हळूच उचलून घराबाहेर न्या आणि पुरा. कॅण्डलिंगला अंडी १०-१५ मिनिटं बाहेर राहिली तर काही होत नाही, कोंबडीसुद्धा खायला उठतेच की.

लाईट गेली तर

अर्धा-एक तास गेली तर काहीच करू नका, झाकण उघडू नका एवढंच. जास्त वेळ लागणार असेल तर मशीनवर गोधडी टाका. १८ व्या दिवसानंतर गोधडी टाकताना व्हेंट झाकू नका, मोठी झालेली पिल्लं स्वतः उष्णता तयार करत असतात, गारठण्यापेक्षा गुदमरण्याची भीती जास्त. दोन-तीन तासांच्या पुढे गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवा, अंड्यांना टेकवून नको. लहान मशीन ५०-१०० वॅटचं असतं, घरच्या इन्व्हर्टरवर आरामात चालतं, तेव्हा आधीच त्या लाईनवर घ्या. एखाद्या रात्री चार-पाच तास गार पडली म्हणून बॅच फेकून देऊ नका. पिल्लं उशिरा निघतील, थोडी कमी निघतील, पण निघतात.

वीज कडाडली की अंडी खराब होतात असं काही जण सांगतात. कडकडाटाने अंड्याला काही होत नाही, वळवाच्या पावसात लाईट आणि व्होल्टेज यांचे हाल होतात, त्याची सोय बघा.

७. १८ वा दिवस

इथून पुढे चार कामं, याच क्रमाने:

१. शेवटचं कॅण्डलिंग करून मेलेली अंडी काढा.
२. फिरवणं बंद. टर्निंग ट्रे काढून अंडी आडवी ठेवा. पिल्लू आता निघायच्या स्थितीत येत असतं.
३. खाली खरबरीत काहीतरी अंथरा, भांड्यांच्या कप्प्यात टाकतात ती जाळीची रबरी मॅट चांगली. गुळगुळीत प्लास्टिक किंवा पेपरवर नवीन पिल्लांचे पाय दोन बाजूंना फाकतात. पाण्याच्या ताटलीवर जाळी टाका, पिल्लं बुडून मरतात.
४. ओलावा ६५ ते ७० टक्क्यांवर न्या. तापमान तेच.

पाणी घालायला झाकण उघडावं लागू नये म्हणून व्हेंटमधून सलाईनची नळी ताटलीत सोडून ठेवा आणि बाहेरून सिरिंजने कोमट पाणी द्या. पाच-दहा रुपयांत होणारी ही गोष्ट शेवटच्या तीन दिवसांत खूप पिल्लं वाचवते.

सावधान: आता झाकण बंद. चोच मारलेल्या अंड्याचा पडदा कोरड्या हवेत मिनिटांत आवळतो आणि पिल्लू पडद्यात गुंडाळून अडकतं. शेजारची पोरं बघायला आली, फोटो काढायचाय, एक पिल्लू निघालंय ते एकटं ओरडतंय, कुठल्याही कारणाने उघडू नका. काचेतून बघा.

८. पिल्लं निघताना

१९-२० व्या दिवशी आतून चिवचिव ऐकू येते, मग कवचावर बारीक तारा, म्हणजे चांदणीसारखा तडा पडतो. तारा पडल्यावर १२ ते २४ तास काहीच होत नाही आणि इथे माणसाचा धीर सुटतो. आत काम चालू असतं, बलक पोटात ओढला जातो, शिरांमधलं रक्त परत अंगात जातं. आपण या वेळेत कवच सोललं की रक्त येतं आणि बलक बाहेर लोंबणारं पिल्लू हातात येतं, ते जगत नाही. थांबा. मग पिल्लू अंड्याच्या रुंद बाजूने गोल कापत जातं आणि तासाभरात बाहेर पडतं.

मदत कधी करायची? तारा पडून २४ तास उलटले, पुढे काहीच नाही आणि पडदा पिवळट-तपकिरी, कोरडा दिसतोय, तरच. कोमट पाण्यात बुडवलेल्या इअरबडने पडदा ओला करा, चोचीजवळचं कवच थोडं काढा, लाल रेघ दिसली की लगेच थांबा आणि परत ठेवा. बाकी काम त्याचं त्याला करू द्या.

निघालेली पिल्लं वाळून फुलेपर्यंत आतच राहू देत. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस बिनअन्नपाण्याची राहतात, एक दिवस आत राहिली म्हणून उपाशी मरत नाहीत. बहुतेक निघाली की एकदाच उघडून वाळलेली सगळी काढा आणि पटकन बंद करा. २२ वा दिवस पूर्ण होईपर्यंत उरलेल्या अंड्यांची वाट बघा.

९. ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा

हे पिल्लं निघाल्यावर बनवायला घ्यायचं नाही, १८ व्या दिवशीच तयार पाहिजे. पुठ्ठ्याचा मोठा खोका किंवा पत्र्याचं गोल कडं, खाली दोन इंच भाताचं तूस, पहिले दोन-तीन दिवस तुसावर जाड गोणपाट म्हणजे पिल्लं तूस खात नाहीत आणि पाय घसरत नाहीत. पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण ३ डिग्री कमी. बल्ब साधा पिवळा लागतो, एलईडीने ऊब मिळत नाही. पिल्लंच तापमान सांगतात: बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी, कडेला पळून चोची उघड्या असतील तर गरम, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर.

आधी पाणी, त्यात थोडा गूळ किंवा इलेक्ट्रोलाईट, प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवा. दोन-तीन तासांनी चिक स्टार्टर किंवा मक्याचा बारीक भरडा पेपरवर पसरून. नुसत्या भरड्यावर आठवडा काढू नका, प्रथिनं कमी पडतात. मानमोडीची लासोटा लस ५ ते ७ व्या दिवशी डोळ्यात थेंब, गंबोरोची १४ व्या दिवसाच्या आसपास, तारखा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून पक्क्या करा. लसीची बाटली शंभर डोसच्या खाली सहसा मिळत नाही आणि फोडली की लगेच संपवावी लागते, तेव्हा वाडीतल्या चार जणांनी मिळून आणा, बर्फात घालून.

१०. न निघालेली अंडी फोडून बघा

हे कोणी करत नाही आणि म्हणून पुढच्या बॅचला तीच चूक होते. उघड्यावर नेऊन, नाकाला फडकं बांधून एकेक फोडा आणि वहीत लिहा.

- बलक स्वच्छ, काहीच नाही: नराचा प्रश्न, किंवा अंडी फार जुनी.
- रक्ताचं कडं, पहिल्या आठवड्यातच मेलेलं: साठवणीत उष्णता लागली, प्रवासात हलली, किंवा सुरुवातीला तापमान चढलं.
- मधल्या आठवड्यात मेलेलं: कोंबड्यांच्या खाद्यात जीवनसत्त्वं-खनिजं कमी, किंवा मध्ये केव्हातरी तापमान बिघडलं. अंड्यावरच्या माद्यांना नुसती ज्वारी-मका टाकत असाल तर लेअर फीड सुरू करा.
- पूर्ण वाढ, ओलं, फुगलेलं, चोच मारलेली नाही: पहिल्या १८ दिवसांत ओलावा जास्त, किंवा व्हेंट बंद.
- चोच मारून मेलेलं, पडदा कोरडा चिकटलेला: शेवटी ओलावा कमी, झाकण उघडलं.
- डोकं निमुळत्या टोकाला: अंडं उलटं ठेवलं होतं.

निघालेल्यांकडेही बघा. सगळी २० व्या दिवसाच्या आधीच निघाली, बारकी आहेत, बेंबी नीट बंद झालेली नाही, तर तापमान जास्त होतं, पुढच्या वेळी ०.२-०.३ ने कमी करा. २२ व्या दिवशी रेंगाळत निघाली तर कमी होतं. एका कोपऱ्यातलीच अंडी खराब निघाली तर त्या कोपऱ्यात थर्मामीटर ठेवून बघा, पंख्याची हवा तिथे पोचत नसेल.

आणि एकाच वेळी सगळं बदलू नका. समजा ओलावा जास्त होता असं दिसलं तर पुढच्या बॅचला फक्त पाणी कमी करा, तापमान, अंड्यांची संख्या, मशीनची जागा तीच ठेवा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की रिझल्ट सुधारला तरी कशामुळे सुधारला ते कळत नाही.